पावसाळ्यातली पाणपोई

आमच्या गावच्या फाट्यावर उन्हाळ्यात दोन पाणपोया लागतात. पावसाळ्यात एकही नसते आणि तेच बरोबर आहे. ऑगस्टात पैनगंगा लाल होऊन वाहते, कपाशीच्या तासांत पाणी तुंबलेलं असतं, बसमधून उतरणारा माणूस आधी डोक्यावर काहीतरी धरतो. तहान लागली म्हणून कोणी थांबत नाही. तरी दर वर्षी सहा ऑगस्टला माझे वडील फाट्यावरच्या कडुनिंबाखाली माठ मांडून बसायचे. माठावर ओलं फडकं, शेजारी एक स्टीलचा गिलास, बुडाखाली खताचं रिकामं पोतं.

आदिलाबादच्या बसचा कंडक्टर दारात लटकून तेलुगूत ओरडायचा, "वानलो नीळ्ळा, ताता?" आजोबा, पावसात पाणी? बसमधले हसायचे. बाबाही हसायचे आणि गिलास वर करून दाखवायचे. बस निघून जायची.

कारण विचारलं तर ते एका वाक्यात सांगत. "तिकडं लोक पानी मागत मागत मेले." तिकडं म्हणजे हिरोशिमात. बाबांचं नाव चंपत. पोरवयात ते पैनगंगा ओलांडून यवतमाळकडे मजुरीला गेले आणि तिथून फौजेच्या हमालीच्या तुकडीत लागले. लढाई संपलेली होती. जिंकलेल्यांच्या पलटणी जपानात बसल्या होत्या, त्यांच्यासाठी बंदरावर पोती उतरवायला हिंदुस्थानी मजूर लागत. त्या बंदराहून छावणीकडे जाताना मध्ये ते शहर लागायचं. बाबांनी ते कित्येकदा पाहिलं. पण आमच्यापाशी त्यांनी शहराचं वर्णन कधी केलं नाही. नद्या फार होत्या, एवढं म्हणायचे. इतक्या नद्या असून पाणी मिळालं नाही.

मी जैनथच्या शाळेत विज्ञान शिकवते. अणू फुटतो म्हणजे काय होतं ते फळ्यावर काढून दाखवते. बाबांचा माठ मला कधी विक्षिप्त वाटला नाही, कारण मी वाचलेलं होतं की त्या शहरात दर वर्षी त्याच दिवशी मेलेल्यांसाठी पाणी ठेवतात आणि तिथला महापौर जगाला सांगतो की ही शस्त्रं टाकून द्या. कुठल्याही देशानं चाचणी केली की ते शहर निषेध कळवतं. हे मी बाबांना वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले होते, "मंग आजून ठेवतेत तर."

बाबांच्या माठाचं पाणी मोठी माणसं सहसा पीत नसत. पाऊस हे एक कारण. दुसरं कारण कोणी बोलत नसे. आमची वस्ती विहाराकडची. छप्पन साली दीक्षा घेऊन आम्ही बौद्ध झालो, तरी गावातल्या जुन्या बायकांना आमच्या माठाचं पाणी लगेच गोड लागू लागलं नव्हतं. शाळेची पोरं मात्र प्यायची, आणि सगळ्यांत आधी रुख्मिणी. कुणब्याच्या बयनाबाईची ही एकुलती एक लेक. गिलास भरून घ्यायची, पूर्ण प्यायची, तोंड पुसत बाबांना विचारायची, "आता त्यायले पोचलं का, बाबाजी?" बाबा म्हणायचे, पोचलं. घरी गेल्यावर आईची बोलणी खायची आणि पुढच्या वर्षी पुन्हा यायची. दहावीपर्यंत ती माझ्याच हाताखाली शिकली. मग तिचं लग्न बाजारहत्नूरकडे झालं.

अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात ती माहेरी आली होती.

त्या वर्षी बुद्धपौर्णिमा सोमवारी होती. विहारात वंदना झाली, खिरीची पंगत बसली आणि टीव्हीवर बातमी ऐकलेली पोरं धावत आली की राजस्थानात आपण बॉम्ब फोडले. आमच्याही काही पोरांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी मला विचारलं की तेवढाच मोठा का. मी म्हटलं, एक त्याहून मोठा असल्याचं सांगतायत. त्यांनी खिरीची वाटी खाली ठेवली. "आजच्या दिसाले?" एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गावात फटाके फुटले. दुकानात दिवाळीचा माल पडून होता तो सगळा निघाला. अमृतराव गावातले वजनदार शेतकरी, त्यांच्या घरासमोर जास्त गर्दी होती. मे महिन्यात आमच्याकडे वाळलेलं गवत हात लावताच चुरा होतं. तिथूनच एक रॉकेट आडवं सुटलं आणि बयनाबाईच्या गोठ्यामागं रचलेल्या पऱ्हाटीच्या ढिगात शिरलं. वाळलेल्या कपाशीच्या काड्या त्या, पेटायला वेळ लागला नाही. गोठ्यात वासरू बांधलेलं होतं. रुख्मिणी दावं सोडायला आत गेली. वासरू बाहेर आलं. ती आली तेव्हा तिच्या अंगावरची नायलॉनची साडी पेटलेली होती.

नायलॉन जळतं आणि वितळतंही, आणि वितळलेलं कातडीला चिकटतं. मी पोचले तेव्हा लोकांनी गोधडी टाकून तिला विझवलं होतं आणि बाजेवर निजवलं होतं. छाती, पाठ, दोन्ही पाय. मी डोळ्यांनीच अंदाज घेतला आणि मला कळलं. इतकं भाजलेलं माणूस तेव्हा आदिलाबादला काय, हैदराबादला नेलं असतं तरी वाचणं कठीण होतं. जैनथहून जीप यायची होती. रुख्मिणी पूर्ण शुद्धीत होती आणि पाणी मागत होती.

बयनाबाईच्या हातात भरलेला पेला होता. अमृतरावांनी तिला थांबवलं. भाजलेल्या माणसाला पाणी द्यायचं नसतं, पाणी आत गेलं की जीव जातो, असं ते म्हणाले आणि भोवतीच्या चार बायका तेच म्हणाल्या. मी म्हटलं की घोटघोट द्या, काही होत नाही. पण मी साधी मास्तरीण, वडीलधाऱ्यांच्या आवाजापुढं माझं कोणी ऐकलं नाही. बयनाबाईनं पेला बाजेखाली ठेवला. "थांब माय, दवाखान्यात देतेत," असं ती लेकीला सांगत राहिली. शेवटी लेकीचं मागणं ऐकवेना म्हणून ती जीप पाहायला रस्त्यावर धावली. मी चादरी भिजवायला विहिरीकडे गेले.

त्या मधल्या वेळात बाबा आले. त्यांनी बाजेखालचा पेला उचलला, रुख्मिणीच्या मानेखाली हात घातला आणि तिला पाणी पाजलं. अमृतराव ओरडले, बाबांनी ऐकलं नाही. बयनाबाई परत आली तेव्हा पेला रिकामा होत होता. थोड्या वेळानं जीप आली. आदिलाबादच्या वाटेवर, जैनथ मागं पडताच, रुख्मिणी गेली.

चाचण्यांचं नंतर गावात कोणी बोलेना, रॉकेटचंही नाही. ते कोणाच्या हातून सुटलं हे कोणालाच माहीत नव्हतं, म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. गाव एकच बोलत होतं: पोरगी वाचली असती, चंपतनं पाणी पाजून मारली. पिठाच्या गिरणीवर, बसमध्ये, पोळ्याला बैल सजवतानाही हेच. अमृतराव तर म्हणत, मी हात धरत होतो. सगळ्यांत मोठ्यानं बयनाबाई म्हणायची. विहाराच्या रस्त्यानं जाताना आमच्या घरासमोर थांबायची आणि म्हणायची, "माही पोट्टी पान्यानं मारली यायनं." बाबा अंगणात असले तर उठून आत जात नसत. मान खाली घालून ऐकून घेत.

मला ते सहन होत नव्हतं. मला नीट माहीत होतं की असं नसतं. खूप भाजलं की रक्तातलं पाणी शिरांबाहेर झिरपायला लागतं, शरीर आतून कोरडं पडत जातं. ती तहान भ्रम नसते. जे निघून चाललेलं असतं नेमकं तेच शरीर मागत असतं. दवाखान्यातही पहिली गोष्ट तीच करतात, शिरेतून पाणी देतात. एक पेला पाण्यानं रुख्मिणी मेली नाही आणि वाचलीही नसती. हे सांगायला मला पाच मिनिटं पुरली असती. विहारातली तरुण पोरं मला म्हणत होती, ताई, तुमी बोला, आमी बोललो तर भांडन होईल. मी आदिलाबादच्या सरकारी डॉक्टरांना गाठून खात्री करून घेतली. त्यांनी येत्या शनिवारी गावात येऊन सांगायचं कबूल केलं.

मी हे बाबांना सकाळी चहाच्या वेळी सांगितलं. त्यांना आनंद होईल अशी माझी समजूत होती. त्यांनी कप खाली ठेवला.

"डाक्टरले नोको आनू."

का म्हणून विचारलं. आयुष्यभर लोकांनी तुमचं पाणी नाकारलं, आता तर विषच म्हणतायत, आणि ज्यांच्या हातून खरंच घडलं ते मोकळे फिरतायत. तुम्ही गप्प बसून कोणाला वाचवताय, असं मी बोलले. जरा जास्तच बोलले.

मग त्यांनी मला ती गोष्ट सांगितली, जी त्यांनी आईलाही सांगितली नव्हती.

त्या शहरात एका पुलाच्या तोंडाशी एक म्हातारी रोज सकाळी दगडावर वाडगाभर पाणी ठेवून बसायची. मागं घर नाही, दार नाही, नुसती राख आणि पत्रे. बाबांना वाटलं, पाणपोई आहे. ट्रक थांबला होता, उन्हाचे दिवस होते, ते उतरून तिच्यापुढं गेले आणि सवयीनं खाली वाकून ओंजळ धरून उभे राहिले. गावात त्यांना पाणी तसंच मिळत आलं होतं, वरून ओतलेलं. म्हातारीला काही समजेना. ती त्यांच्या ओंजळीकडे पाहत राहिली. मग तिनं वाडगा उचलला आणि त्यांच्या हातात दिला.

"परक्या मानसानं मले भांडं हातात देल्लं ते पयल्यांदा," बाबा म्हणाले. "म्या सारं पेलो."

छावणीत काम करणारा एक जपानी माणूस सोबत होता, त्याला मोडकंतोडकं हिंदुस्थानी येऊ लागलं होतं. तो घाबरून धावत आला. ते पाणी जिवंत माणसांसाठी नव्हतं. म्हातारीचा मुलगा बॉम्बात भाजून घरी आला होता, दिवसभर पाणी मागत होता. शिपायांनी सांगितलं होतं, भाजलेल्याला पाणी देऊ नका. तिनं दिलं नाही. तो तसाच गेला. बाबांना मेल्यासारखं झालं, मेलेल्याचं पाणी आपण पिऊन बसलो म्हणून. ते तिच्या पायाशी वाकले. पण म्हातारी रडत रडत काहीतरी म्हणाली आणि त्या माणसानं सांगितलं, ती म्हणते, कोणीतरी प्यालं.

"मंग म्या त्याले इचारलं, हे बाई कवापासून अशी बसते. तो म्हने, पोरगा मेला तवा नाई. तवा ते घरातल्या घरात रडे, चार मानसांत बसे, लोकायसारखीच. मंग एक डाक्टर आला. त्यानं चांगल्या मनानंच सांगतलं का पानी देल्लं असतं तरी काई बिघडलं नसतं, पोरगा तसाई जानारच होता. त्या दिसापासून बसते."

चहा थंड झाला होता. बाबांनी तो तसाच पिऊन टाकला.

"पेला बयनाबाईच्या हातात होता, कुसुम. मांगून राह्यली होती पोट्टी. तिनं ठेवून देल्ला. आता पान्यानं मेली असंन, तर माय बरोबर होती. पान्यानं नाई मेली असंन, तर मंग काय होते, तूच सांग."

हे मला सुचलंच नव्हतं. मी रक्तातल्या पाण्याचा विचार करत होते.

मी म्हटलं, आणि अमृतराव? त्यांना फुकट सुटू द्यायचं? बाबा म्हणाले, त्याला रात्री झोप येत असेल असं मला वाटत नाही, आणि येत असली तर आपण काय करावं. मला ते पटलं नाही. आजही पटत नाही. पण शनिवारच्या आत मी डॉक्टरांना येऊ नका म्हणून निरोप पाठवला.

सहा ऑगस्टला बाबांनी माठ मांडायचं म्हटल्यावर विहारातली माणसं अडवायला आली. या वर्षी नको, गाव पेटलेलं आहे, असं सगळ्यांचं म्हणणं. बाबांना तेव्हा धाप लागायची, पाच पावलं चाललं की थांबावं लागायचं. ते म्हणाले, या वर्षी तर ठेवावंच लागेल. मी शाळेतून रजा घेतली आणि माठ भरून फाट्यावर नेला.

पाऊस भुरभुर होता. सकाळच्या बातम्यांत सांगितलं होतं की हिरोशिमाच्या सभेत आपल्या आणि पाकिस्तानच्या चाचण्यांचा निषेध झाला. मी ते बाबांच्या कानाशी मोठ्यानं सांगितलं. त्यांनी मान हलवली. शाळेला जाणारी पोरं माठाला वळसा घालून गेली, त्यांना घरून बजावलेलं होतं. कंडक्टर त्या दिवशी काही ओरडला नाही. बसमधले आमच्याकडे पाहत होते आणि आम्ही पाहिलं की मान फिरवत होते.

दुपारी बयनाबाई शेतातून गवताचा भारा घेऊन आली. आमच्यापुढं थांबली. बाबांकडे न पाहता भारा माठाशेजारी टाकला आणि मला म्हणाली, "कुसुम, तू शिकेल हायेस. पोट्टीले तूच शिकोलं. तू खोटं नाई बोलनार."

मी उभी राहिले.

"खरं सांग. पान्यानंच गेली ना?"

तिच्या केसांतून पाणी निथळत होतं. आवाज गावात ओरडायची तसा नव्हता. मला उत्तर येत होतं. आयुष्यात मी उत्तर येत असताना कधी गप्प राहिले नव्हते. मी तोंड उघडलं, आणि काय बोलणार होते ते मला अजूनही माहीत नाही, कारण माझ्याआधी बाबा बोलले.

"पान्यानंच गेली, बयनाबाई. माह्याच हातानं."

बयनाबाईनं मग पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. एक ट्रक गेला, आमच्या अंगावर चिखल उडाला, कोणी पुसला नाही. ती खाली बसली, भाऱ्याला टेकून. मग तिनं विचारलं, "पेली तवा काई म्हनली का?"

बाबांना आणखी खोटं बोलायचं असतं तर इथं बोलता आलं असतं. तुझं नाव घेतलं, असं म्हणता आलं असतं.

"आजून म्हनली."

"मंग?"

"मंग आजून देल्लं. पेला सरेपर्यंत."

बयनाबाईनं डोक्यावरचा पदर तोंडाशी धरला. मग ती तशीच पुढं सरकली आणि तिनं माठापुढं ओंजळ धरली. आमच्या भांड्याला तोंड लावायचं नव्हतं म्हणून, की तिचं तिलाच काही कळत नव्हतं म्हणून, ते मी सांगू शकत नाही. बाबांनी गिलास भरला, पण तो ओतला नाही. "वंजळ नोको, बाई. हातात घ्या."

तिनं घेतला. सगळा प्याली. आणि रिकामा गिलास तसाच पुढं धरला. या वेळी माठात गिलास मी बुडवला.

बाबा त्याच थंडीत गेले. विहारातून निघालेल्या प्रेतयात्रेत वस्तीबाहेरची माणसं फार नव्हती. बयनाबाई आली नाही. गिरणीवर मी असताना ती आजही म्हणते की पोट्टी पाण्यानं गेली, चंपतनं पाजलं. मी पीठ घेते आणि घरी येते. गावाला वाटतं, आमच्याकडे बोलायला काही नाही.

सहा ऑगस्टला माठ मी मांडते. बयनाबाई दुपारची बस निघून गेल्यावर येते, रस्त्यावर कोणी नाही असं पाहून. दोन गिलास पिते. मला काही विचारत नाही. विचारलं तर काय सांगायचं, हे मी अजून ठरवलेलं नाही. ती पदरानं तोंड पुसते, भारा उचलून दे म्हणते, मी उचलून देते.